कोणता अँटिव्हायरस घ्यावा? आधी असलेला जागा आहे का ते बघा

जिंतूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. गावात त्यांचं सेवा केंद्र आहे. एकच डेस्कटॉप, विंडोज १०, चार जीबी रॅम. महिन्याभरापासून गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की त्यातल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात, मशीन रेंगाळतं, आणि मधूनच खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ अशी पाटी येते. दुकानदार म्हणतो, तीन वर्षांचा अँटिव्हायरस घ्या. भाऊ म्हणतो, फुकटातले दोन टाक, एकाने सोडलं तर दुसरा धरेल. त्या विचारतात, नेमकं काय करू, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

ताई, दुकानदाराचं आणि भावाचं म्हणणं घडीभर बाजूला ठेवा. मी परभणीत २००३ पासून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. व्हायरसने आडवी झालेली जी मशीनं माझ्या टेबलावर आली, त्यांतल्या फार थोड्यांवर अँटिव्हायरस नव्हता. बहुतेकांवर होता. कुठे त्याची मुदत संपून वर्ष झालेलं, कुठे मालकानेच बंद केलेला, तर कुठे चालू असूनही ज्या फोल्डरात घाण आहे नेमका तोच तपासायचा नाही असं त्याला सांगून ठेवलेलं. रात्री जागलीला माणूस ठेवला आणि तो मचाणावर झोपला, तर रानडुकरं हरभऱ्यात शिरणारच. तेव्हा कोणता घ्यावा हे नंतर. तुमच्याकडे आत्ता जो आहे तो जागा आहे का, हे आधी बघू.

स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ असं टाइप करा. ढालीचं चिन्ह असलेली खिडकी उघडेल. तिच्यात ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर जा. सध्या कोणता अँटिव्हायरस राखण करतोय त्याचं नाव तिथे दिसतं. विंडोजसोबतच येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असेल तर शेवटचा अपडेट कधी झाला ती तारीख वाचा. आजची किंवा कालची असायला हवी. मग ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे का बघा. त्याच पानावर अगदी तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ असतं. ते कुणी उघडून बघत नाही, तुम्ही मात्र नक्की उघडा. अमुक फाइल, तमुक फोल्डर तपासू नकोस, अशी अँटिव्हायरसला दिलेली मुभा तिथे लिहिलेली असते. तुम्ही स्वतः काही टाकलं नसेल तर ती यादी रिकामी असायला हवी.

मागच्या उन्हाळ्यात मानवतहून एक मशीन आलं. डिफेंडर चालू, अपडेट त्याच दिवशीचा, ढालीवर हिरवी खूण, आणि तरी दर दहा मिनिटांनी ब्राउझर आपोआप उघडून जुगाराच्या जाहिराती दाखवायचा. एक्सक्लूजन्सची यादी उघडली तर तिच्यात एकच ओळ, अख्खा सी ड्राइव्ह. विंडोज बसतं ते, प्रोग्राम बसतात ते, डाउनलोड पडतात ते, सगळंच तपासणीतून वगळलेलं. मालकाला विचारलं, हे कुणी केलं? म्हणाले, ऑफिस टाकून देणाऱ्या पोराने काहीतरी केलं होतं, त्याशिवाय ते बसत नाही म्हणाला. ती ओळ काढली आणि स्कॅन लावला. चहा येईपर्यंत प्रोटेक्शन हिस्टरीत लाल खुणांची रांग लागली. नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही. जो होता त्याच्या डोळ्यांवरची पट्टी तेवढी काढली.

लोक अँटिव्हायरस बंद का करतात तेही सांगतो, कारण सेवा केंद्रात तसं करायची पाळी येतेच. पहिलं कारण बोटाच्या ठशाचं मशीन. त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरच्या आतल्या आतच ११,१०० च्या पुढच्या पोर्टवर ब्राउझरशी बोलते. काही अँटिव्हायरसांची वेब-तपासणी मध्ये पडते, मग डिव्हाइस सापडत नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पीक विम्याला दारात माणसं उभी असतात, साइट आधीच जड चाललेली असते, आणि वैतागून माणूस अख्खा अँटिव्हायरस बंद करून टाकतो. पुढे तो चालू करायचं राहून जातं. असं झालं तर फक्त त्या सर्व्हिसपुरती मुभा द्या, बाकी सगळं चालू राहू द्या. आणि ते सॉफ्टवेअर डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. ग्रुपवर कुणी टाकलेली झिप फाइल घेऊ नका.

दुसरं कारण क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवायची चोरवाट. यावर मला जरा जास्त बोलायचंय.

चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत जी सूचनांची फाइल येते, तिची पहिली ओळ बहुधा एकच असते: आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच चुकीचा इशारा देतो. लोक मुकाट्याने बंद करतात. एखादं अनोळखी माणूस दारात येऊन म्हणालं, ‘आधी कुत्रं बांधा आणि दिवा मालवा, मग मी आत येतो,’ तर आपण त्याला उंबरठा ओलांडू देऊ का? इथे मात्र देतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, लग्नपत्रिका छापणारे माझ्या ओळखीचे एक जण संध्याकाळी सीपीयू काखेत मारून आले. आदल्या रात्री त्यांनी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवला होता. सकाळी बघतात तर प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं नवं शेपूट. पत्रिका उघडेना, फोटो उघडेना, हिशोबाची एक्सेल उघडेना. प्रत्येक फोल्डरात एक नोटपॅडची फाइल, ‘रीडमी’ नावाची. तिच्यात लिहिलेलं: तुमच्या फाइली कुलूपबंद आहेत, किल्लीचे ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. मी वाचून दाखवत होतो आणि ते कागदाच्या कपट्यावर रुपये मांडत होते. त्या आठवड्यात द्यायच्या पत्रिका त्या मशीनमध्येच होत्या, आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती.

हा स्टॉप-डीजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा घरच्या आणि छोट्या दुकानांच्या मशीनवर तो जगला, आणि तो पसरला मुख्यतः क्रॅक आणि खोटी की बनवून देणारे की-जनरेटर यांच्यातून. २०१९ च्या ऑगस्टच्या आधीच्या बहुतेक प्रकारांसाठी एमसीसॉफ्ट या कंपनीने फुकट किल्ली काढली आहे. त्यानंतरच्या प्रकारांत एकच फट उरते. कुलूप लागताना मशीनचा त्यांच्या सर्व्हरशी संपर्क झाला नसेल, तर आधीपासून ठरलेली, सगळ्यांना सारखी अशी ‘ऑफलाइन’ किल्ली वापरली जाते. ती पुढेमागे सापडू शकते. या गृहस्थांचं नेट रात्रभर चालू होतं. त्यांची किल्ली त्यांच्यापुरती वेगळी होती, ती कुणाकडेच नव्हती. हा व्हायरस फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबीचा भागच बिघडवतो, म्हणून लग्नाचे काही मोठे व्हिडिओ दुरुस्त करता आले. पत्रिका गेल्या. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने दोन रात्री जागून त्या पुन्हा टाइप केल्या. पैसे भरू नका, असं मी त्यांना सांगितलं होतं आणि आजही सगळ्यांना तेच सांगतो. पैसे देऊन किल्ली मिळेलच याची हमी कुणी देत नाही. असं कधी झालं तर युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेली ‘नो मोअर रॅन्सम’ ही साइट आहे. कुलूपबंद फाइलीचा नमुना तिथे टाकला की तिची फुकट किल्ली आहे का ते कळतं.

त्या रात्री डिफेंडरने क्रॅक पकडला होता. हिस्टरीत नोंद होती, आणि त्याच्या पुढच्याच मिनिटाला संरक्षण बंद केल्याचीही नोंद होती.

आता अँटिव्हायरस आत काय करतो ते थोडक्यात, म्हणजे पुढचं पटेल. त्याचं जुनं काम ओळखपरेडीचं. सापडलेल्या प्रत्येक व्हायरसच्या खुणांची वही त्याच्याकडे असते, उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलीशी तो ती ताडून बघतो. वही जुनी झाली की नवा चोर ओळखू येत नाही, म्हणून अपडेट दिवसातून अनेकदा येतात. दुसरं काम चालचलणुकीवर लक्ष ठेवायचं. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फाइली पुन्हा लिहायला लागला, तर त्याचं नाव वहीत नसलं तरी त्याला थांबवायचं. तिसरं, संशय आला की नेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं. म्हणून नेट नसलेल्या मशीनवर अँटिव्हायरसचं बळ कमी पडतं. तो खरंच जागा आहे का हे तपासायलाही सोय आहे. ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल असते. ती व्हायरस नाही, पण सगळे अँटिव्हायरस ठरवून तिला व्हायरस म्हणून धरतात. आयकारच्या साइटवरून ती उतरवायला गेलात आणि अँटिव्हायरसने लगेच हात धरला, तर राखण चालू आहे. फाइल निवांत उतरली, तर काहीतरी बंद आहे.

विकत घ्यावा का? तुमच्या एका मशीनसाठी माझं मत स्पष्ट आहे: गरज नाही. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजच्या आतच येतो, त्याला वेगळे पैसे नाहीत. पूर्वी तो कच्चा होता, हे खरं. आता जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या स्वतंत्र चाचणी संस्थांच्या तक्त्यांत तो विकतच्या नावाजलेल्यांच्या बरोबरीने दिसतो. विकतचे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. क्विक हील आपल्याच पुण्याचा. कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि भाऊ संजय यांच्यासोबत ती कंपनी उभी केली, माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला त्याचा अभिमान आहे. अडलं तर फोनवर मराठीत-हिंदीत बोलायला माणूस हवा, मुलांच्या वापरावर बंधन हवं, पाच-दहा मशीनं एकत्र सांभाळायची आहेत, अशी गरज असेल तर जरूर घ्या. पण घेतला की मुदत संपायच्या आत नवा करा, नाहीतर काढून टाका. मुदत संपलेला अँटिव्हायरस कोपऱ्यात चिन्ह दाखवत बसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या काही दिवसांच्या नमुन्याचंही तेच. कवडीमोल भावात मिळणारी की किंवा क्रॅक केलेला अँटिव्हायरस तर घेऊच नका, राखणदारच चोराच्या हातून घेतल्यासारखं होईल.

भावाला सांगा, दोन टाकायचे नाहीत. अँटिव्हायरस फाइल उघडण्याच्या वाटेवर मध्येच बसलेला असतो. दोन बसले की एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासतो, त्याने हात लावला म्हणून पहिला पुन्हा तपासतो. एकाने पकडून कोंडून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला सापडतो आणि तो बोंब ठोकतो. चार जीबीच्या मशीनला हे झेपत नाही, तुमचं मशीन रेंगाळण्याचं एक कारण तेच असू शकतं. दुसरा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, तो यासाठीच. दुसऱ्याचं मत हवंच असेल तर कायम न बसणारं, एकदा चालवून सोडून द्यायचं साधन वापरा. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर असतो, तो उतरवल्यापासून दहा दिवस चालतो. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, तिथेही फुकट सफाईची साधनं आहेत. आधीचा अँटिव्हायरस काढताना त्याच कंपनीचं ‘रिमूव्हल टूल’ वापरा, नुसतं अनइन्स्टॉल केलं तर मागे तुकडे राहतात.

विंडोज १० चं मात्र मनावर घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला. डिफेंडरच्या खुणांची वही त्यावर अजून येत राहील, पण घराच्या भिंतीला भगदाड पडलं तर बुजवायला कुणी येणार नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची एक वर्षाची योजना आणली. तिच्यात नाव नोंदवलं की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट येतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो का बघा. अपडेट का महत्त्वाचे, ते २०१७ ने दाखवलं. विंडोजमधली एक फट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला बुजवली. जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मेला, वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर त्याच फटीतून जगभरातल्या मशीनांत घुसला. ज्यांनी मार्चचा अपडेट घेतला होता त्यांच्याकडे ती वाट बंद होती. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, अपडेट चालू असताना गेली तर विंडोज बिघडतं, या धास्तीने लोक अपडेट पुढे ढकलत राहतात. धास्ती खोटी नाही. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तेव्हा, केंद्र बंद करायच्या आधी लावून द्या. मशीन विंडोज ११ घेत असेल तर तिकडे जा. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर मायक्रोसॉफ्टच्या नियमांत ते बसत नाही.

आता तुमचा पेनड्राइव्ह. हा फिरस्ता रोग जुनाच. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीवर बसून हातोहात फिरला, तसा हा पेनड्राइव्हवरून गावोगाव फिरतो. पूर्वी पेनड्राइव्ह नुसता लावला तरी आतला प्रोग्राम आपोआप चालायचा, २००८ चा कॉन्फिकर त्याचाही फायदा घ्यायचा. विंडोज ७ मध्ये ती सोय बंद झाली, २०११ मध्ये जुन्या एक्सपीलाही तसा अपडेट आला. तेव्हापासून या व्हायरसांना तुमच्या क्लिकची गरज पडते, आणि शॉर्टकटचं सोंग त्या क्लिकसाठीच आहे. तुमचे खरे फोल्डर तो लपवतो. त्याच नावाचे, फोल्डरचंच चित्र असलेले शॉर्टकट मांडतो. तुम्ही ‘सातबारा’ नावावर क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट, म्हणजे लपवलेल्या आज्ञांची फाइल, चालते, मग तुमचा फोल्डरही उघडतो. सगळं नीट उघडल्यामुळे शंका येत नाही. शॉर्टकटवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘टार्गेट’ वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे फाइलीचा पत्ता असतो, यात स्क्रिप्ट चालवायची लांबलचक आज्ञा दिसेल. काही प्रकार तर सगळ्या फाइली नाव नसलेल्या, डोळ्यांना रिकाम्या दिसणाऱ्या फोल्डरात कोंबतात.

फाइली गेलेल्या नसतात, हे पहिलं लक्षात ठेवा. घाबरून लगेच फॉरमॅट मारणाऱ्यांचंच खरं नुकसान होतं.

दुसरं, क्रम. लोक पेनड्राइव्ह साफ करतात आणि त्याच मशीनला पुन्हा लावतात, की शॉर्टकट परत हजर. रोग तुमच्या मशीनमध्ये आहे, पेनड्राइव्ह त्याचं फक्त वाहन. म्हणून आधी मशीन. सगळे पेनड्राइव्ह काढा, डिफेंडर अपडेट करा, उघडी कामं सेव्ह करा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन रीस्टार्ट होईल आणि विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी होईल. व्हायरस जागा व्हायच्या आत त्याला गाठायची ही युक्ती. साधारण पंधरा मिनिटं लागतात, जुन्या हार्डडिस्कवर जास्त. मग रात्री जाताना ‘फुल स्कॅन’ लावून जा. सकाळी स्वतःचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, त्यात एक साधा फोल्डर करा, काढा, पुन्हा लावा. शॉर्टकट झाला नाही तर मशीन साफ. झाला तर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये आणि ‘टास्क शेड्युलर’मध्ये दर थोड्या वेळाने स्क्रिप्ट चालवणारी, तुमच्या ओळखीची नसलेली नोंद शोधा. तिथे तो दबा धरून बसतो.

त्यानंतर पेनड्राइव्ह. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक करा. एवढ्याने खरे फोल्डर दिसले नाहीत तर तिथल्याच ‘ऑप्शन्स’मधून ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढा. फिकट रंगाचे फोल्डर दिसतील, तो तुमचा ऐवज. नवा फोल्डर करून त्यांच्या आतलं सगळं त्यात कॉपी करा, शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्टला हात लावू नका. कॉपी केलेलं स्कॅन करा, एकदोन फाइली उघडून खात्री करा, मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट. काम झाल्यावर काढलेली टिक परत लावा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह असेल तर त्याला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका, आणि त्याच्या घरचं किंवा कॉलेजचं मशीनही तपासायला सांगा, नाहीतर आठवड्याने तोच रोग तुमच्याकडे पुन्हा येईल. तुमच्या स्वतःच्या फाइली बाहेर न्यायच्या असतील तर कार्ड रीडरमध्ये मोठं एसडी कार्ड वापरा. त्याच्या कडेला चिमुकली सरकपट्टी असते, ती ‘लॉक’वर सरकवली की सहसा समोरच्या मशीनला त्यावर काही लिहिता येत नाही.

याच ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर कायमची टिक ठेवा. पीडीएफचं चित्र आणि ‘विमा पावती’ असं नाव असलेल्या फाइलीच्या शेवटी ‘ईएक्सई’ आहे, म्हणजे तो खरं तर प्रोग्राम आहे, हे टिक नसताना दिसतच नाही. फोनवर हीच गोष्ट ‘एपीके’ची, म्हणजे अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलीची. लग्नाची पत्रिका किंवा पीएम किसानची यादी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके आली तर ती उघडायची नाही. पत्रिकेला अ‍ॅप लागत नाही.

कोपऱ्यातली ‘पाच व्हायरस सापडले’ ही पाटी बहुतेक व्हायरसची नाहीच. कुठल्या तरी साइटने ‘नोटिफिकेशन दाखवू का’ विचारलं आणि गडबडीत कुणीतरी ‘अलाउ’ दाबलं, आता ती साइट ब्राउझरमार्फत भीती दाखवते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ शोधा आणि परवानगीच्या यादीतून अनोळखी साइटी काढा. त्या पाटीवर क्लिक करू नका, तिच्यातल्या नंबरावर फोन करू नका, आणि कुणी म्हणालं तरी स्क्रीन दुरून चालवायचं अ‍ॅप बसवू नका. असं करून पैसे गेलेच तर एक मिनिटही न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.

तुमच्या बाबतीत मला शॉर्टकटपेक्षा जास्त काळजी वाटते ती ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांची. सेवा केंद्राचा लॉगिन, वॉलेट, बँक, सगळं ‘सेव्ह’ करून ठेवायची पद्धत असते. फक्त तेच उचलून न्यायला लिहिलेले चोर असतात, रेडलाइन हा त्यांतला बदनाम, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डच पोलिसांनी त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले. असा चोर काही मोडत नाही, मशीन हळू करत नाही, येतो आणि घेऊन जातो. क्रॅकसोबत तोही बरेचदा येतो. मशीन साफ झालं की पासवर्ड बदला, पण ते याच मशीनवरून साफसफाईच्या आधी बदलू नका, नाहीतर नवा पासवर्डही जाईल. स्वच्छ फोनवरून बदला. पैशाच्या खात्यांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवू नका. आणि गावातल्या शेतकऱ्यांची आधारं, पासबुकं डाउनलोड फोल्डरात महिनोन्‌महिने पडलेली असतात, ती काम झालं की काढत चला. त्यांनी विश्वासाने दिलेली कागदं आहेत ती.

तीन वर्षांच्या अँटिव्हायरसला जे पैसे देणार होता, ते दोन गोष्टींना लावा. पहिली, एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. चार जीबीचं जुनं मशीन हार्डडिस्कमुळे जास्त रडतं, डिस्क बदलली की स्कॅन चालू असतानाही काम करता येतं. जमलं तर रॅम आठ करा. दुसरी, बाहेरची हार्डडिस्क. दर शनिवारी केंद्र बंद करताना महत्त्वाचे फोल्डर तिच्यावर उतरवा आणि केबल काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क बॅकअप नव्हे, रॅन्समवेअर मशीनसोबत तिलाही कुलूप घालतो. विंडोज सिक्युरिटीतच ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ आहे, त्यातलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू करा. मग अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. पहिल्या दिवशी स्कॅनरचं किंवा मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही अडेल, त्याला तिथेच नावाने परवानगी द्या. त्या एका अडचणीपायी अख्खं बंद करू नका.

ऑफलाइन आणि फुल, दोन्ही स्कॅन झाले की ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा. तिथे सापडलेल्याचं जे लांबलचक नाव असेल ते जसंच्या तसं लिहून कळवा, त्याच्या खालचा फाइलीचा पत्ताही. एक्सक्लूजन्सच्या यादीत काही निघालं असेल तर तेही. नुसता शॉर्टकटवाला निघाला तर वरचं सगळं पुरेसं आहे. नावात ‘स्टीलर’ (म्हणजे वर सांगितलेला पासवर्ड-चोर) किंवा ‘सॅलिटी’ असं काही दिसलं तर मात्र थांबा. सॅलिटी प्रोग्रामांच्या फाइलींतच मिसळून जातो, तिथे सफाईपेक्षा विंडोज नव्याने टाकणं बरं, आणि त्याआधी फाइली कशा बाहेर काढायच्या ते मी सविस्तर सांगेन.